एंजल फेस: तीन बाटल्यांचं कॉकटेल चाखायचं कसं आणि आपल्याकडच्या बाटल्यांना बसवायचं कसं

जिन, कॅल्व्हाडोस (सफरचंदाची फ्रेंच ब्रँडी) आणि ॲप्रिकॉट ब्रँडी (जर्दाळूचं गोड मद्य, म्हणजे लिकर) समसमान घ्या, बर्फावर हलवा, गाळा, द्या. एंजल फेसची छापील कृती एवढीच. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या अमेरिकन बारचा प्रमुख बारटेंडर हॅरी क्रॅडॉक याच्या १९३० सालच्या ‘सॅव्हॉय कॉकटेल बुक’मध्ये ती अशीच आहे. क्रॅडॉक मूळचा इंग्लंडचा. अमेरिकेत बारमागे उभा राहून हात बसला, तिकडे दारूबंदी आली आणि १९२० मध्ये तो परतला. आज इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनच्या अधिकृत यादीतही हे कॉकटेल ३०-३०-३० मि.ली. याच मापात दिलेलं आहे.

माप पाठ करायला सोपं आहे आणि त्यामुळेच बरेच जण पहिल्या ग्लासानंतर याचा नाद सोडतात. यात लिंबू नाही, बिटर्स (थेंबांनी घालायचे कडू अर्क) नाहीत, सोडाही नाही. सगळा गोडवा एकाच बाटलीतून येतो, कोरडेपणाची, म्हणजे गोडवा आवरण्याची, जबाबदारी जिनवर आणि फळाचा गर कॅल्व्हाडोसचा. आंबट काहीच नसल्याने एखादी बाटली जरा इकडेतिकडे असली तरी झाकायला जागा राहत नाही. म्हणून आपल्याकडच्या तीन बाटल्या आधी चाखायच्या आणि मग माप ठरवायचं. लेखाचा निम्मा भाग चाखण्यावर आहे तो याचसाठी.

हे पेय किती कडक आहे तेही आताच सांगून ठेवतो. भारतीय जिन बहुतेक ४२.८ टक्के, कॅल्व्हाडोस ४० टक्के आणि जर्दाळूचं लिकर साधारण २४ टक्के धरलं, तर ९० मि.ली. मिश्रणात शुद्ध अल्कोहोल भरतं सुमारे ३२ मि.ली. व्हिस्कीच्या ६० मि.ली. लार्जमध्ये ते २५.७ मि.ली. असतं. म्हणजे हा नाजूक नावाचा, जर्दाळूच्या वासाचा छोटा ग्लास सव्वा लार्जच्या बरोबरीचा आहे, आणि प्यायला जातो सरबतासारखा. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची अट २५ आहे आणि परवानाही लागतो. गाडी चालवून घरी जाणाऱ्याला हा ग्लास देऊ नका.

लेबल वाचा

बाजारात ‘ॲप्रिकॉट ब्रँडी’ नावाने मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत गोड लिकर असतं. जर्दाळू आंबवून, भट्टीवर गाळून काढलेली कोरडी, रंगहीन फळब्रँडीही असते, पण ती वेगळी चीज आहे. ती ३० मि.ली. घातलीत तर ग्लासात गोडवा औषधालाही उरणार नाही. ओळखायची खूण म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण. २० ते ३० टक्के असेल तर लिकर, ४० टक्के किंवा वर असेल तर फळब्रँडी. एंजल फेसला पहिलं हवं.

कॅल्व्हाडोस फ्रान्समधल्या नॉर्मंडीचं. सायडर, म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस, गाळून काढलेली ही ब्रँडी किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली असते. पेई दोज भागातली दोनदा गाळलेली असते आणि सहसा जास्त गोलाईची लागते. दोंफ्रोंते भागातल्या ब्रँडीत किमान ३० टक्के नाशपाती असते आणि तिला तीन वर्षं मुरवावं लागतं. माझ्या मते या कॉकटेलला तरुण, दोन-तीन वर्षांची बाटलीच बरी. जुन्या बाटलीत लाकूड पुढे येतं, सफरचंद मागे पडतं, आणि महागडी चीज लिकरच्या गोडव्यात बुडते ते वेगळंच.

जिन कोरडी, लंडन ड्राय पद्धतीची घ्या. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या, आधीच गोड केलेल्या जिन इथे चालत नाहीत. गोव्यात गेल्या काही वर्षांत चांगल्या जिन बनू लागल्या आहेत. ‘ग्रेटर दॅन’ सरळ वळणाची आहे, तिच्यापासून सुरुवात करावी. त्याच घरची ‘हपुसा’ हिमालयातल्या ज्युनिपरची (जिनला तिचा मूळ वास देणारं फळ), मातकट आणि भारी. ‘स्ट्रेंजर अँड सन्स’मध्ये मसाल्यांचा सूर जास्त आहे. जायपत्री-जायफळाच्या अंगाची जिन सफरचंदाशी जमते, पण जर्दाळूशी भांडू शकते, तेव्हा ती दुसऱ्या फेरीला ठेवा.

तिन्ही बाटल्या वेगवेगळ्या चाखा

जेवणाआधीची वेळ निवडा. मिसळ खाऊन किंवा तंबाखू लावून चाखायला बसण्यात काही अर्थ नाही. चकणाही तेवढा वेळ लांब ठेवा. मधे मधे जीभ साफ करायला साधे कुरमुरे किंवा कोरड्या पोळीचा तुकडा आणि पाणी पुरतं. फरसाणातलं तिखट-मीठ जिभेवर बराच वेळ रेंगाळतं.

क्रम असा ठेवा: आधी जिन, मग ब्रँडी (म्हणजे कॅल्व्हाडोस किंवा त्याच्या जागी घेतलेली), शेवटी लिकर. साखर एकदा जिभेवर चढली की पुढचं सगळं कडू लागतं. जिन आणि ब्रँडी १० मि.ली. घेऊन त्यात तेवढंच साधं पाणी घाला. ४० टक्क्यांचं मद्य असं २० टक्क्यांवर आलं की नाकातली आग कमी होते आणि वास उलगडतो. मद्याचं मिश्रण ठरवणारे जाणकारही वास घेताना असंच पाणी घालतात. नाक ग्लासात खुपसू नका. ओठ किंचित उघडे ठेवून हळू श्वास घ्या, मग छोटा घोट, तोंडात फिरवा आणि गिळल्यावर अर्धा मिनिट गप्प बसा.

जिनमध्ये पाहायचं ते हे की त्या अर्ध्या मिनिटानंतरही ज्युनिपरचा राळेसारखा, थंड वास उरतो का. उरला तर ही जिन लिकरला तोंड देईल. नुसती लिंबूसालीची झुळूक येऊन विरली, तर जिनचं माप वाढवावं लागेल.

ब्रँडीची परीक्षा थोडी लांबते. दोन थेंब तळहातावर घेऊन हात चोळा. अल्कोहोल उडून गेलं की मागे काय राहतं ते हुंगा. चांगल्या बाटलीत फळ आणि लाकूड राहतं, सुमार बाटलीत व्हॅनिला इसेन्स आणि जळक्या साखरेचा वास. आणखी एक उपाय आळशी माणसालाही जमण्यासारखा आहे. चाखून झालेला ग्लास न धुता रात्रभर ओट्यावर ठेवा आणि सकाळी त्याचा वास घ्या. खरी ब्रँडी सकाळीही ओळख देते.

लिकर मात्र पाणी न घालता चाखा. यात दोन वास वेगळे काढता आले पाहिजेत: एक जर्दाळूच्या गराचा, दुसरा त्याच्या बीचा, म्हणजे बदामासारखा. काही बाटल्यांत हा बदामी वास इतका पुढे असतो की कॉकटेलमध्ये तोच राज्य करतो. अशी बाटली असेल तर लिकरचं माप पहिल्यापासून कमीच धरा. किती गोड आहे ते नुसत्या जिभेवर ठरत नाही, म्हणून एक थेंब मनगटावर लावून वाळू द्या. किती चिकटतो त्यावरून साखरेचा अंदाज येतो.

तालमीसाठी बर्फ नको

आता मिश्रण. पूर्ण मापाचे तीन ग्लास करून तुलना करायला गेलात तर तिसऱ्या ग्लासाचं मत विचारात घेण्यासारखं राहणार नाही. म्हणून तालीम छोट्या मापात करा. मेडिकलमधून १० मि.ली.ची सुईविना सिरिंज आणा. घरातलं पेग मेजर ३० आणि ६० पुरतंच कामाचं असतं. सिरिंज मिळाली नाही तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं खुणांचं झाकण स्वच्छ धुऊन वापरा, पण साडेसातचं माप त्यात अंदाजानेच घ्यावं लागेल.

इतक्या थोड्या मापात बर्फ घातला तर किती वितळेल याचा भरवसा नसतो. त्याऐवजी मोजून पाणी घाला. तीन ग्लास घ्या.

पहिला: जिन १०, ब्रँडी १०, लिकर १०.
दुसरा: जिन १२.५, ब्रँडी १०, लिकर ७.५.
तिसरा: जिन १५, ब्रँडी १०, लिकर ५.

प्रत्येकात १० मि.ली. थंड पाणी घाला, झाका आणि वीसेक मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. तिन्ही मिळून अल्कोहोल एका लार्जपेक्षा जास्त भरतं, तेव्हा दोघं-तिघं मिळून चाखा. ग्लासांच्या बुडाखाली मापाची चिठ्ठी ठेवून कोणाला तरी जागा बदलायला सांगितलीत तर मतं प्रामाणिक येतात. एरवी ‘मूळ कृतीचा’ ग्लास कुठला हे कळलं की सगळ्यांना तोच आवडतो.

प्रत्येक ग्लास दोनदा चाखा, फ्रीझरमधून काढल्याबरोबर आणि दहा मिनिटांनी. थंडीत जिभेला गोड कमी लागतं आणि वासही दबलेला असतो. त्यामुळे समप्रमाणाचा ग्लास पहिल्या घोटाला छान बसलेला वाटतो आणि अर्ध्यावर येईतो पाकासारखा होतो. भरभर पिणाऱ्यांना तो चालेल. गप्पा मारत तासभर एकच ग्लास पुरवणाऱ्यांनी दुसऱ्या-तिसऱ्याकडे वळावं.

मला स्वतःला दुसरा आवडतो. मोठ्या मापात तो होतो जिन २५, ब्रँडी २०, लिकर १५, एकूण ६०. यात अल्कोहोल सुमारे २२ मि.ली. येतं, म्हणजे लार्जपेक्षा थोडं कमी. ग्लास छोटा वाटेल, पण शेवटच्या घोटापर्यंत थंड राहतो. तिसरा, म्हणजे ३:२:१, जिनच्या भक्तांसाठी. एक मात्र ध्यानात असू द्या. लिकर कमी करून जिन वाढवली की पेय कोरडं होतं तसं कडकही होतं. ९० मि.ली.च्या मापात समप्रमाणाला ३२ मि.ली. अल्कोहोल होतं, ते ३:२:१ मध्ये जवळजवळ ३५ होतं. कोरडं केलंत तर ग्लास लहान करा.

काय खटकतंय ते ओळखा

माप ठरलं तरी काहीतरी खुपतं, आणि इथे लोक घाईने तिन्ही बाटल्यांची मापं एकदम बदलतात. एका वेळी एकच गोष्ट बदला.

ओठांना चिकटतंय, दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही: लिकर ५ मि.ली. कमी करा. नाकात झोंबतंय: जिनला हात लावू नका, पाणी कमी पडलंय, दहा-पंधरा सेकंद जास्त ढवळा. सुरुवात छान आणि शेवट छान, पण मधे पोकळ: ब्रँडी हलकी आहे. तिचं माप ५ मि.ली.ने वाढवा किंवा अँगोस्तुरा बिटर्सचा एक झटका द्या. त्यातला लवंग-दालचिनीच्या अंगाचा वास सफरचंदाला आणि लाकडाला धरून येतो. शेवटी कडवट लागतंय: २० ग्रॅम मीठ ८० मि.ली. पाण्यात विरघळवून त्याचे दोनच थेंब टाका. खारट लागत नाही, कडवटपणा मात्र खाली बसतो. हा उपाय ऐकायला संशयास्पद वाटतो, पण करून बघा.

लिंबू पिळावं का? बरेच बार आज थोडा रस घालतात आणि वाईट लागत नाही. पण आपलं कागदी लिंबू फार धारदार आहे. पाच मि.ली. गेलं की कॅल्व्हाडोस कुठे गेलं ते शोधावं लागतं. त्यापेक्षा संत्र्याच्या किंवा लिंबाच्या सालीचा रुंद तुकडा ग्लासावर पिळा, नुसतं तेल उडू द्या. आंबटच हवं असेल तर या कॉकटेलचं जवळचं भावंड करा, पॅराडाइज: जिन ३०, ॲप्रिकॉट ब्रँडी २०, ताज्या संत्र्याचा रस १५. नागपुरी संत्र्यांच्या हंगामात ते एंजल फेसपेक्षा आपल्याकडे जास्त शोभतं, असं माझं मत आहे.

कॅल्व्हाडोस नसेल तर

पुण्या-मुंबईत कॅल्व्हाडोस सहजासहजी मिळत नाही. परदेशातून येणाऱ्या कोणाला सांगता आलं तर उत्तम. न्यूजर्सीतल्या मराठी मंडळींची मात्र चैन आहे. सफरचंदाची ब्रँडी करणारं लेअर्ड हे जुनं घराणं त्यांच्याच राज्यातलं. त्या ब्रँडीची ५० टक्क्यांची बाटली असेल तर माप २० वरून १५ वर आणा. तिथेच मिळणाऱ्या ब्लेंडेड ॲपलजॅकमध्ये सफरचंदाच्या ब्रँडीत बिनवासाचं, सपाट स्पिरिट मिसळलेलं असतं. ते चालतं, पण फिकं. इंग्लंडमध्ये असाल तर सॉमरसेटची सायडर ब्रँडी घ्या.

इथे राहून करायचं तर द्राक्षाची ब्रँडी. लेबल नीट वाचा. आपल्याकडच्या स्वस्त ब्रँड्यांत बहुतांश उसाच्या मळीचं स्पिरिट असतं आणि द्राक्षाची ब्रँडी नावापुरती. निव्वळ द्राक्षाची, नाशिककडची किंवा परदेशी, कुठलीही चालेल. कोन्याकच (फ्रान्सची नामांकित द्राक्ष-ब्रँडी) हवी असं नाही.

तिला सफरचंदाचा वास द्यायचा. २५० मि.ली. ब्रँडी काचेच्या बरणीत घ्या. एका हिरव्या, आंबटसर सफरचंदाच्या सालीसकट पातळ चकत्या तीत बुडवा. चकत्या वर तरंगून काळ्या पडू नयेत म्हणून बरणी काठोकाठ भरेल अशीच निवडा. फ्रीजमध्ये दोन ते तीन दिवस ठेवा. रोज चाखा, कारण तिसऱ्या दिवसानंतर शिळ्या सफरचंदाची चव उतरू लागते. मग फडक्यातून गाळा. वास मुख्यतः सालीत असतो, म्हणून सोलू नका, पण बाजारातल्या सफरचंदावर मेण चढवलेलं असतं ते कोमट पाण्यात घासून काढा. याने कॅल्व्हाडोस होत नाही. सायडर आंबताना जे तयार होतं ते चकत्या बुडवून येणार नाही. पण जिन आणि जर्दाळूच्या मधे सफरचंदाची जागा भरून निघते. या ब्रँडीत व्हॅनिलाचा गोड भास जास्त असल्याने लिकर १५ ऐवजी १२ मि.ली. घ्या.

जर्दाळूचं लिकर घरी

हे मात्र आपल्याकडे खरोखर चांगलं जमतं, काही तयार बाटल्यांपेक्षा चांगलं. पारशी घरांत सल्ली बोटीत (मटणाच्या एका पदार्थात) पडतो तो अख्खा, तपकिरी, सुरकुतलेला जर्दाळू आणा. क्रॉफर्ड मार्केटमधल्या सुकामेव्याच्या दुकानांत तो मिळतो. झळाळत्या केशरी रंगाचा जर्दाळू दिसायला देखणा, पण तो रंग टिकवायला गंधकाचा धूर दिलेला असतो आणि तो वास ब्रँडीत उतरतो.

बिया काढून १५० ग्रॅम गर चिरा, त्यावर ३५० मि.ली. द्राक्षाची ब्रँडी ओता, झाकण लावून अंधाऱ्या कपाटात आठवडाभर ठेवा, रोज एकदा हलवा. बिया फोडून आतला गर त्यात टाकायचा मोह आवरा. बदामी वास त्यातूनच येतो हे खरं, पण कडू बीमध्ये अमिग्डालिन असतं आणि त्यापासून सायनाइड तयार होतं. घरात त्याचं मोजमाप करता येत नाही.

आठवड्याने गाळून, फडकं पिळून साधारण २५० मि.ली. निघेल. बाकीची ब्रँडी फळ पिऊन टाकतं. समान वजनाच्या साखर-पाण्याचा गार केलेला पाक १०० मि.ली. घाला. जर्दाळूची स्वतःची साखरही उतरलेली असते, म्हणून आधी ७० घालून चाखा आणि मग बाकीचा. पूर्ण पाक घातल्यावर अल्कोहोल २८ टक्क्यांच्या आसपास बसतं, तयार लिकरपेक्षा किंचित जास्त. दोन दिवस स्थिर ठेवून वरचं नितळ ओतून घ्या. गढूळ राहिलं तरी चवीला काही होत नाही. फ्रीजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. उरलेले भिजलेले जर्दाळू व्हॅनिला आइस्क्रीमवर घालायचे, मोठ्यांच्या वाटीतच.

ढवळणं

क्रॅडॉक हलवायला सांगतो. रस नसलेलं पेय मी ढवळतो. शेकरमध्ये हलवल्याने हवेचे बुडबुडे मिसळून ते धुरकट होतं आणि पाणीही जास्त सुटतं. समप्रमाणाची गोड आवृत्तीच करणार असाल तर हलवणंच बरं, ते जास्तीचं पाणी तिथे उपयोगी पडतं.

लस्सीचा उंच स्टीलचा पेला आणि लांब दांड्याचा चमचा पुरतो. पेला आधी दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. पेला दोन-तृतीयांश बर्फाने भरा. खडे मोठे, कोरडे हवेत, ट्रेमधले पोकळ तुकडे फार लवकर वितळतात. आणि बर्फ एकदा हुंगून बघा. शेजारी सुरमई ठेवलेली असेल तर ती ग्लासात येते. पेल्याच्या कडेने चमचा फिरवत अर्धा मिनिट ढवळा आणि चहाच्या गाळणीतून थंड केलेल्या ग्लासात ओता. पहिल्या वेळी मोजून पाहा. ६० मि.ली. मिश्रणाचे ८० ते ८५ झाले पाहिजेत. ७० च झाले असतील तर आणखी ढवळा. एकदा हिशोब बसला की पुढच्या वेळी मोजायची गरज पडत नाही.

आठ जणांसाठी

चार लोक बसले की प्रत्येकासाठी ढवळत राहणं कंटाळवाणं होतं. हे कॉकटेल आधी करून ठेवायला अगदी सोयीचं, कारण नासण्यासारखं यात काही नाही. जिन २००, ब्रँडी १६०, लिकर १२० मि.ली. आणि उकळून गार केलेलं पाणी १६० मि.ली. एकूण ६४० होतं, ७५० च्या रिकाम्या बाटलीत आरामात मावतं. पाणी आधीच घातलेलं आहे, म्हणून देताना बर्फ घालायचा नाही. आदल्या रात्री फ्रीजमध्ये आणि पाहुणे यायच्या आधी दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. त्याहून जास्त ठेवलंत तर घरच्या फ्रीझरमध्ये त्याचा बर्फाळ गोळा व्हायला लागतो. माणशी ८० मि.ली. ओता आणि संत्र्याची साल प्रत्येक ग्लासावर आयत्या वेळी पिळा, बाटलीत टाकून ठेवली तर रात्रभरात कडू होते. बाटलीवर नाव, तारीख आणि ‘दारू’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, कारण रंगाने ती जर्दाळूच्या सरबतासारखीच दिसते. घरात मुलं असतील तर ती त्यांच्या हाताला न लागेल अशीच ठेवा.